मामाची सही

माझ्या मामाने मला पोहण्याच्या परीक्षेत दोनदा नापास केलं. तिसऱ्यांदा पास केलं, पण दाखल्यावर सही केली नाही. सही केली तलावाच्या कारकुनाने, ज्याने जन्मात कधी घोट्यापलीकडे पाण्यात पाय घातला नव्हता. मी सतरा वर्षांची होते आणि माझा नुसता तिळपापड झाला. सख्खा मामा, लष्करातून मेजर होऊन आलेला, छातीवर पदक मिळवलेला, आणि भाचीच्या कागदावर चार अक्षरं खरडायला याचा हात दुखतो!

पुढे कळलं, तो कोणाच्याच दाखल्यावर सही करत नाही. पंचवीस वर्षांहून जास्त काळ त्याने नगरपालिकेच्या तलावावर माणसं तयार केली. अग्निशामक दलाचे, बंदरावरचे, होडीवाले, सगळ्यांना नोकरीसाठी तो दाखला लागायचा. शिकवायचा मामा, परीक्षा घ्यायचा मामा, सही कारकुनाची. कारकून म्हणायचा, "मला पोहता येत नाही, पण माझ्या सहीवर हजार माणसं पोहतायत!" सगळे हसायचे. मामा तेवढा हसत नसे. त्याने न केलेल्या सह्यांची ही गोष्ट आहे. त्यांच्यामागे त्याने केलेली एक सही होती.

माझे वडील मी लहान असताना गेले. तेव्हापासून आई आणि मी मामाकडेच राहिलो. मामाने लग्न केलं नाही. रंगाच्या दुकानावरच्या तीन खोल्या, जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत टर्पेंटाइनचा वास. भिंतीवर लष्करातला एकही फोटो नाही. पदक आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणांबरोबर. एकदा मी शाळेत न्यायला मागितलं तर मामा म्हणाला, "ने. पण येताना हुक आणि काळा दोरा आण, ताईचे संपलेत." पदकाची किंमत आमच्या घरात एवढीच.

बाहेर मात्र त्याचं नाव होतं. नदीपलीकडे शत्रू मशीनगन रोखून बसला असताना साठ माणसं घेऊन ती नदी ओलांडणारा कप्तान, असं आमच्या शाळेच्या फळ्यावर दर वर्षी लिहिलं जायचं. मी ताठ मानेने पहिल्या बाकावर बसायचे. घरी येऊन विचारलं, की तो म्हणायचा, "ओलांडली. पुढे?"

तलावावरची त्याची पद्धत सगळ्या गावाला ठाऊक होती. परीक्षा अंगभर कपड्यांत आणि पायांत बूट घालून. नाडी घट्ट बांधायची, खोल टोकाला उडी मारायची आणि दहा मिनिटं काठाला हात न लावता पाण्यावर राहायचं. त्यासाठी त्याने एक कपाट भरून धुतलेले बूट ठेवले होते, सगळ्या मापांचे. कोणी म्हणालं, "साहेब, मला लहानपणापासून येतं हो," की त्याचं ठरलेलं उत्तर यायचं: "येतं म्हणू नकोस. दाखव." मोठमोठे पहिलवान त्या बुटांत तिसऱ्या मिनिटाला काठ धरायचे. मीही दोनदा धरला. लोक त्याला मागून "बुटवाला" म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मीही म्हणायचे.

आणखी एक गोष्ट. जगातला प्रत्येक पोहणं शिकवणारा गळ्यात शिट्टी अडकवतो. मामाने कधी अडकवली नाही. तो टाळ्या वाजवून हाका मारायचा. उजव्या हाताने डाव्या तळव्यावर, कारण डावा खांदा गोळी लागल्यापासून वर उचलत नसे.

मी पुढे त्याच तलावावर त्याच्या हाताखाली नोकरीला लागले. मला छत्तीस वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी, एका सोमवारी, कारकुनाने मामाच्या हातात एक पाकीट ठेवलं. पत्र चार ओळींचं होतं. एका बाईने लिहिलं होतं: 'माझा भाऊ तुमच्या तुकडीत होता. नदीत गेला. तो शिट्टी वाजवायचा, तुम्हाला आठवत असेल. माझी आई या महिन्यात वारली. आता मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. गुरुवारी दुपारी तलावावर येते.'

मामाने पत्र वाचलं, घडी केली, खिशात घातलं आणि मुलींच्या वर्गाला टाळी वाजवायला गेला. टाळीचा आवाजच निघाला नाही. मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. त्या पिवळ्या टोपीवालीचे पाय बघ, कात्रीसारखे चाललेत."

बुधवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर तो ताटावरून उठला नाही. आई भांडी गोळा करत होती. तिला म्हणाला, "ताई, बस जरा. हिलाही कळू दे." आईचा चेहरा उतरला. तिला ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी समजलं. बत्तीस वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं. आमच्या आईच्या पोटात शेजारणीच्या भांडणाचा एक शब्द दिवसभर राहत नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

मग मामाने सांगितलं. शाळेच्या फळ्यावर नव्हतं ते सगळं सांगितलं.

नदी दीडशे मीटर रुंद होती. पूल उडवलेला. पलीकडे उंच बांध आणि बांधात शत्रूची तीन ठाणी, प्रत्येकात मशीनगन. रबरी होड्यांतून वल्ही मारत जायचं होतं. कर्नलने दोन कप्तानांना बोलावलं आणि अट सांगितली. पहिल्या होड्यांवर गोळ्या बसणार, त्यांतल्या काही फुटणार. तेव्हा ज्या तुकडीतल्या प्रत्येक माणसाला पोहता येतं, तीच पुढे जाईल. कप्तानाने तसं सहीनिशी लिहून द्यायचं.

"दुसरा कप्तान म्हणाला, संध्याकाळपर्यंत वेळ द्या, तपासून सांगतो," मामा म्हणाला. "मी म्हणालो, माझी माणसं तयार आहेत."

"का?" मी विचारलं.

"पहिला जायचा मान मला हवा होता म्हणून."

एवढं बोलून तो पाणी प्यायला. मग त्याने माणसं रांगेत उभी केल्याचं सांगितलं. पोहता येतं त्यांनी हात वर करा, म्हणाला. साठच्या साठ हात वर गेले. आपले सगळे निघालेत आणि आपण एकटे मागे राहायचं, हे त्या वयात मरणापेक्षा वाईट वाटतं. साठातला एक हात मात्र जरा उशिरा वर गेला. तो तेवीस वर्षांचा पोरगा होता, दिवसभर शिट्टीवर गाणी वाजवणारा. सगळी तुकडी त्याला शिट्टी म्हणूनच हाक मारायची. मामाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ओशाळं हसून नजर खाली घातली.

"तेव्हाच कळलं मला," मामा म्हणाला. "आणि एकाला येत नसेल तर आणखी पाचदहा जणांना येत नसणार, हेही कळलं. छावणीमागे तळं होतं. पाचशे पावलांवर. सगळ्यांना बुटांसकट आत उतरवायला तास लागला असता. मी नाही उतरवलं. सही केली आणि कागद कर्नलला दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात सहा होड्या निघाल्या. मामा पहिल्या होडीत. नदीच्या मध्यावर धुकं अचानक विरलं आणि बांधावरून गोळ्या सुरू झाल्या. माणसांनी वल्ही सोडून डोकी खाली घातली. होड्या जागच्या जागी गरगरायला लागल्या. तसं दोन मिनिटं चाललं असतं तर एकही जण वाचला नसता. तेव्हा मामा होडीत उभा राहिला. भर गोळीबारात, ताठ. बसून ओरडला असता तर ते कोणी ऐकलं नसतं. उभा राहिलेला माणूस सगळ्यांना दिसतो. तो ओरडला, "मारा वल्ही! माझ्याकडे बघा आणि मारा!"

आणि शेजारच्या होडीतून शिट्टी सुरू झाली. वल्ह्याच्या ठेक्यावर. एक लांब, एक आखूड. त्या ठेक्यावर सगळ्या होड्या पुन्हा सरळ झाल्या.

"मग ती थांबली," मामा म्हणाला. "मध्येच. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढे जाता आलं नसतं."

त्याची आणि आणखी एक होडी काठाला टेकली तेव्हा त्याच्याबरोबर चौदा जण होते. बांधावर तो सगळ्यांच्या आधी चढला. पहिल्या ठाण्यात हातबॉम्ब टाकला, दुसऱ्याच्या तोंडाशी त्याच्या खांद्यात गोळी घुसली, तरी उजव्या हाताने त्याने तेही घेतलं. तिसऱ्यातली माणसं पळाली. खाली वाहत गेलेल्या होड्यांतली माणसं येऊन मिळाली आणि मागची तुकडी येईपर्यंत तीन तास त्यांनी तो काठ धरून ठेवला. दुपारपर्यंत सगळी पलटण पार झाली. त्या दिवशी मामा नसता तर शेकडो माणसं त्या पाण्यात राहिली असती. हे कोणीही नाकारू शकत नाही, आणि मी तर मुळीच नाकारू देणार नाही.

पण दोन होड्या बुडाल्या होत्या. संध्याकाळी चौदा प्रेतं काठावर मांडली. पाच जणांना गोळ्या लागल्या होत्या. नऊ जणांच्या नावापुढे लष्करी डॉक्टरने लिहिलं, 'अंगावर जखम नाही.' त्या नवांत शिट्टी होता. त्याच्या बुटांच्या नाड्या अर्धवट सुटलेल्या होत्या.

"चौदाही घरांना मी पत्रं लिहिली," मामा म्हणाला. "सगळ्यांना एकच मजकूर. शत्रूची गोळी लागून, क्षणात, यातना न होता."

नळ गळत होता. आईच आधी भानावर आली. "हे बघ," ती म्हणाली, "उद्या ती बाई काय विचारायचं ते विचारू दे. तू म्हण, मला माहीत नव्हतं. झालं. तिची आई गेली, तिचा भाऊ गेला, आता तिला खरं सांगून तू तिच्या पदरात काय घालणार आहेस? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?"

"ताई, अवलक्षण होऊन गेलंय. बत्तीस वर्षं झाली."

"मग आणखी बत्तीस वर्षं झाकून ठेव! लोक तुला मानतात. उद्या रस्त्यात थुंकतील तुझ्यावर."

आई रडायला लागली. मला आईचा राग आला आणि मामाचा तर त्याहून जास्त. मी ताडकन म्हणाले, "आणि मला दोनदा नापास करताना बरा हात चालला तुझा!" शब्द तोंडातून गेले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मामा शांतपणे म्हणाला, "तू तिसऱ्या मिनिटाला काठ धरलास. पण धरायला काठ होता तुला."

गुरुवारी ती आली. पन्नाशीची, ठेंगणी, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. इस्त्रीचं दुकान चालवते, असं तिने सांगितलं. तलावाच्या कचेरीत एक टेबल, दोन खुर्च्या, दाखल्यांचा गठ्ठा आणि गोल शिक्का. कारकून चहा आणायचं निमित्त करून बाहेर गेला. मी मात्र बुटांच्या कपाटापाशी तशीच उभी राहिले. कोणी जा म्हटलं असतं तरी गेले नसते.

तिने पिशवीतून दोन पत्रं काढली. एक मामाचं. दुसरं तिच्या भावाचं, नदीच्या आदल्या दिवशी लिहिलेलं, तो गेल्यावर पोचलेलं. त्यातला एक भाग तिने वाचला. तिला वाचायला कागद लागत नव्हता हे दिसत होतं, तरी तिने कागदाकडे बघूनच वाचला:

'साहेबांनी विचारलं, पोहता कोणाला येतं. सगळ्यांनी हात वर केले, मग मी एकट्याने कसा खाली ठेवायचा? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांना कळलं. पण माणूस चांगला आहे, काही बोलले नाहीत. आईला सांगू नकोस, तिला वाटतं मला सगळं येतं.'

"आई होती तोवर मी गप्प बसले," ती म्हणाली. "दादानं सांगितलं होतं म्हणून. आता विचारते. तुम्हाला कळलं होतं का?"

खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, नाही म्हण. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. म्हण नाही.

"हो," मामा म्हणाला. "कळलं होतं. तळं पाचशे पावलांवर होतं. मी तपासलं नाही. वर कागदावर सही केली. त्याला गोळी लागली नव्हती, ते मी खोटं लिहिलं. तो बुडाला. बुडायच्या आधी त्याच्या शिट्टीवर आमच्या होड्या पार झाल्या. हे मात्र मी पत्रात लिहायला हवं होतं, तेही लिहिलं नाही. तेवढं लिहिलं असतं तर बाकीचंही लिहावं लागलं असतं."

तिने दोन्ही पत्रं टेबलावर सारखी केली, इस्त्रीच्या कापडाच्या घड्या कराव्यात तशी. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी दादाला खोटं ठरवत घरी गेले असते. बरं झालं सांगितलंत." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "पण मी तुम्हाला माफ करायला आलेली नाही."

"मागत नाही मी," मामा म्हणाला.

त्या दिवशी मामाने उरलेले दोन्ही वर्ग घेतले. घरी आल्यावर आईने विचारलं, "सांगितलंस?" त्याने मान हलवली. आईने त्याला वाढलं आणि त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.

दहा दिवसांनी ती परत आली. हातात पिशवी, पिशवीत कपड्यांचा जोड. मामासमोर उभी राहून म्हणाली, "मला शिकवा."

मामाला आधी कळेना. "पोहायला?"

"मग काय स्वयंपाक? आमच्या घरात कोणालाच येत नाही. दादाला येत नव्हतं, मलाही येत नाही. कोणाला तरी यायला पाहिजे."

चार महिने ती रोज दुपारी दुकान बंद करून आली. बायकांना शिकवायचं काम माझं, पण तिने मला बाजूला केलं. "तू नको, हे शिकवतील." पहिले पंधरा दिवस ती पाण्यात नुसती थरथरायची, आणि काठ धरलेली तिची बोटं पांढरी पडायची. मामा गुडघे दुखत असतानाही रोज पाण्यात उतरायचा, तिच्या डोक्याखाली उजवा हात धरून उभा राहायचा. दोघं पोहण्यापलीकडे एक शब्द बोलत नसत. "मान मागे." "श्वास." "पुन्हा." एकदा मामाने तिच्या डोक्याखालचा हात हळूच काढून घेतला. तिला बराच वेळ कळलंच नाही. कळलं तेव्हा गटांगळी खाऊन वर आली आणि त्याच्यावर ओरडली, "सांगायचं नाही का?" मामा म्हणाला, "हो. सांगायला हवं होतं." मी दुसरीकडे बघितलं.

परीक्षेच्या दिवशी तिने कपाटातले बूट नाकारले. स्वतःचे आणले होते, नव्या टाचांचे जड पुरुषी बूट. कोणाचे, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. नाडी घट्ट बांधून ती खोल टोकाला उभी राहिली आणि नाक धरून पाण्यात पडली. मामा घड्याळ हातात धरून काठावर उभा. तिसऱ्या मिनिटाला तिचं डोकं खाली गेलं. मी उडी मारायला पुढे झाले, तर मामाने माझा दंड धरला. ती वर आली. सहाव्या मिनिटाला तिने मामाकडे बघितलं. त्याने डावा हात, तो न उचलणारा हात, जेवढा जाईल तेवढा वर केला आणि तिला दिसेल असा धरून ठेवला. वेदनेने त्याच्या कपाळावर घाम आला होता. पुढची चार मिनिटं त्याने तो हात खाली घेतला नाही, आणि तिने त्याच्यावरची नजर काढली नाही.

दहा मिनिटं झाली. ती निथळत कचेरीत आली. कारकुनाने दाखला भरून ठेवला होता, टाक शाईत बुडवला होता.

"तुमची नको," ती म्हणाली. "यांची."

कारकून चपापला. मामा म्हणाला, "मी सही करत नाही."

"माहीत आहे. माझ्या घरच्या माणसाला पोहता येतं, म्हणून एकदा केलीत. ती खोटी होती." तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. केसांतून पाणी टेबलावर पडत होतं. "आता खरी करा."

मामा खुर्चीत बसला. टाक हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरला. मग त्याने पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट. शेवटच्या अक्षरावर टाक अडला आणि शाईचा डाग पडला. तो त्या डागाकडे बघत रडला. साठीच्या पुढचा माणूस, आवाज न करता, खांदे हलवत रडला. ती उभी होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. कागद उचलला, फुंकर घालून शाई वाळवली, दोन पत्रांबरोबर पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "उद्या येते. उलटं पोहायचं राहिलंय."

संध्याकाळी मी घरी माझा एकोणीस वर्षांपूर्वीचा दाखला शोधून काढला आणि मामापुढे धरला. "आता माझ्यावरही कर."

त्याने तो खालीवर वाचला. कारकुनाच्या सहीवरून बोट फिरवलं आणि कागद मला परत दिला.

"जुना झाला," तो म्हणाला. "उद्या बूट घालून ये. दाखव."